दाराजवळची जागा

नऊ मोसम मी ताउनो रिस्सानेनच्या स्केट्सना धार लावली.
राखीव गोलकीपर. त्याची पाती फारशी झिजायची नाहीत,
तरी दर सामन्याआधी तो स्केट्स आणून ठेवायचा
माझ्या यंत्रापाशी, जोडीनं, नाड्या आत खोचून,
पाहुण्याच्या घरी उंबऱ्यालगत बूट काढावेत तशा.
"थोडी बोथटच ठेव," म्हणायचा,
"मला सरकायचंय, पळायचं नाही."

गाव कुहमो. तिथं नोव्हेंबरात तळं गोठताना
आवाज येतो म्हणे, लांब कुठं गाय हंबरावी तसा.
तो ऐकला की त्याचा बाप कुऱ्हाड घेऊन निघायचा,
बर्फाला भोक पाडून जाडी हातानं मोजायचा.
चार बोटं : माणूस.
दोन विती : ट्रॅक्टर.
त्याच बर्फावर, दोन बुटांमधल्या गोलात,
ताउनो पहिल्यांदा उभा राहिला,
कारण भावांत धाकटा होता,
आणि धाकट्याला कुठं उभं राहतोस असं कुणी विचारत नाही.

आमचा क्लब दुसऱ्या फळीतला.
रात्र रात्र बस, बसमध्ये ओल्या हातमोज्यांचा वास,
(तो वास माझ्या बायकोनं शेवटपर्यंत माफ केला नाही)
आणि बाकावर ताउनोची जागा ठरलेली, दाराजवळ.
ताज्या दमाचे फळीवरून उड्या टाकतात,
दमलेले दारातून आत येतात,
चाळीस सेकंद, पन्नास सेकंद, पुन्हा.
कुणीतरी ते दार उघडावं लागतं.
एका सामन्यात मी मोजलं : एकशे बारा वेळा.
कुणाचा गुडघा आपटला नाही, कुणी खोळंबलं नाही.
तो पक बघत नसे, येणाऱ्याचे खांदे बघायचा,
खांदे पडले की कडी वर.
आभार कुणी मानल्याचं आठवत नाही.
दाराचे कोण मानतं?

मग ती फेब्रुवारीतली रात्र.
लेहतिमाची जांघ धरली, तो बर्फावर आडवाच झाला,
आणि प्रशिक्षकानं मागं न बघता आडनाव घेतलं.
ताउनोनं मुखवटा ओढला. हात थरथरत होते का
ते मी सांगणार नाही.
पहिलाच पक दोन पायांमधून आत.
प्रेक्षकांत कुणी हसलं. थर्मासचं झाकण पडलं, घरंगळत राहिलं.
त्यानंतर चौतीस वेळा
तो पक त्याच्यावर येऊन मेला.
छातीवर, गुडघ्यावर, एकदा कानशिलावर,
एकदा तर पाठीवर, कसा ते त्यालाही कळलं नाही.

पण मी ते नीट पाहिलेलं नाही.
कारण दाराजवळ कुणीच नव्हतं.
सान्तेरी आत येताना धाडकन आपटला, शिवी हासडली,
तेव्हा मी धारेचा दगड खिशात घातला
आणि जाऊन तिथं उभा राहिलो.
दोनदा उशीर झाला माझा. एकदा बोट चेमटलं.
खांदे बघायचे असतात, हे माहीत असूनही
नजर सारखी पकमागं जायची.
आम्ही एका गोलनं हरलो.
ताउनो शेवटचा आत आला. दार मी उघडलं,
आणि तो म्हणाला, "आभारी आहे."

एप्रिलमध्ये फोन आला, करार संपला.
सामने एकोणतीस, एवढंच छापलं वर्तमानपत्रानं,
त्यातही नावात एक स कमी.
स्केट्स माझ्याकडेच राहिल्या, यंत्रामागच्या फडताळात.

परवा त्यानं फोन केला. तळं हंबरलं म्हणाला.
बाप गेला; भोक आता तोच पाडतो.
मी विचारलं, स्केट्स पाठवू?
त्यावर काही बोलला नाही. मग म्हणाला,
"दाराजवळ कोण बसतं हल्ली?"
औलूचा एक पोरगा, मी म्हटलं. दार आपटतो.
पलीकडे बराच वेळ शांत.
"बिजागरीला तेल घाल," म्हणाला,
"खालच्या. वरची बरी आहे."